गेल्या वर्षीचा अंक वाचलात का?

हे सांगायचं मी आठ-नऊ वर्षं टाळलं. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, मग पेन्शनची कागदपत्रं, मग मोतीबिंदू. आता दोन्ही डोळे नवे आहेत, वेळ भरपूर आहे, आणि आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळातल्या नव्या, उत्साही कार्यकारिणीने जुने सगळे कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवले आहेत. त्यात एक दोन पानी चौकशी अहवाल आहे. खाली माझी सही आहे. मोबाईलवर दोन बोटांनी मोठी केली तर फारच सुबक दिसते.

तो अहवाल खोटा आहे. म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, पण वाचून जे समजतं ते खोटं आहे. कागद मंडळाच्या कपाटात होता तोवर झुरळांपलीकडे त्याला वाचक नव्हता. आता तो जगात कुणालाही वाचता येतो आणि त्यात एका भल्या माणसाचं नाव आहे. म्हणून हे लिहितो आहे.

पण अहवालाआधी आणखी एक माणूस सांगायला हवा : ज्यांच्या तक्रारीवरून तो लिहिला ते.

मंडळाचा दिवाळी अंक ते चोवीस वर्षं काढत होते. आम्ही त्यांना तोंडावरसुद्धा ‘संपादक’ म्हणत असू. कुठल्याशा मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, दिल्लीच्या जूनमध्येही पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशाला दोन पेनं : एक लिहायचं, एक खोडायचं. खोडायचं आधी संपे.

कवीकडून ते कविता हातात घेतच नसत. ‘वही मिटा आणि म्हणा,’ म्हणत. कवी दुसऱ्या कडव्यात अडखळला की संपलं. ‘तुमच्याच लक्षात राहिली नाही, मग लोकांनी का ठेवावी?’ या नियमामुळे आमच्या अंकातल्या कविता फार छोट्या असत. एक कवी तर चार ओळींवरच येऊन थांबला होता आणि दर वर्षी छापून येत होता.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा अंक छापून झाल्यावर सुरू होई. अंक पोस्टाने पाठवायचा नाही, मंडळाच्या कचेरीत ठेवायचा नाही. स्वतः घरोघरी जाऊन द्यायचा. आणि देण्याआधी विचारायचं,

‘गेल्या वर्षीचा अंक वाचलात का?’

‘हो, म्हणजे काय! छान होता.’

‘पान बावन्नवर काय होतं?’

इथे भल्याभल्यांची दांडी उडे. सहसचिव पदावरची माणसं, संसदेतल्या प्रश्नांना उत्तरं लिहून देणारी, पान बावन्नसमोर बायकोकडे बघू लागत. उत्तर येईपर्यंत संपादक फराळाला हात लावत नसत. समोर चकल्यांची बशी, मांडीवर नवा अंक आणि दोन्हींच्या मधे शांतता. उत्तर आलं की आधी अंक द्यायचे, मग चकली उचलायचे. नाहीच आलं तर उठायचे. ‘हरकत नाही. वाचून ठेवा, आठ दिवसांनी येतो.’ आणि खरोखर यायचे. शेवटी अंक मिळाला नाही असं कुणाचंही झालं नाही, पण काही घरी तो मिळेपर्यंत तुळशीचं लग्न लागून जाई.

त्यांच्याजवळ एक वही असे. घरागणिक शेरा. ‘वाचलेला नाही, चाळलेला आहे.’ ‘फक्त विनोद वाचले.’ ‘पत्नी वाचते, पती मान डोलावतात.’ एका घरी सात-आठ वर्षांच्या मुलीने दारातच सांगून टाकलं होतं, ‘अंकल, वो वाली गोष्ट ना, जिसमें आजोबा बस में गुम हो जाते हैं? बिल्कुल झूठी है. कंडक्टर पूछता ना!’ तिच्या आईवडलांनी कपाळाला हात लावला. संपादकांनी वहीत लिहिलं, ‘उत्कृष्ट. आक्षेप योग्य.’ आणि त्या लेखकाला खरंच कळवलं.

मी एकदा म्हणालो, ‘अहो, लोकांना अंक मिळाल्याशी मतलब.’

ते म्हणाले, ‘आमंत्रण मिळालं म्हणजे पोट भरलं का?’

हळूहळू दिल्लीतल्या मराठी माणसांना याची सवय झाली. दिवाळीच्या आधी आठवडाभर कपाटावरचे जुने अंक खाली निघत. करोलबागेकडे खोल्या घेऊन राहणारी, कलेक्टर व्हायला गावाकडून आलेली मुलं मंडळात जेवायला येत. त्यांनी संपादकांचे पाच वर्षांचे प्रश्न गोळा करून त्यांचा कल काढला होता. ‘काका, सम पानांवर जास्त विचारतात. आणि शेवटच्या वीस पानांवर कधीच नाही.’ या अभ्यासावर एक व्हॉट्सअॅप गट निघाला, नाव ‘पूर्वतयारी’. त्यात आम्ही बारा-तेरा मोठी माणसं होतो आणि तीन विद्यार्थी मार्गदर्शक. संपादकांना या गटाचा पत्ता लागू द्यायचा नाही, अशी शपथ होती.

‘आम्ही’ म्हणालो, कारण मीही होतो. अंकावर माझं नाव सहसंपादक म्हणून छापलं जाई. प्रत्यक्षात मी चालक होतो. माझी गाडी होती आणि त्यांना चालवता येत नव्हती. माझं क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात. त्यांच्या मुलीलाही, तीही सरकारी नोकरीत, तिथेच क्वार्टर मिळालेलं, म्हणून निवृत्तीनंतर ते आमच्याच गल्लीत राहत. अकरा वर्षं मी त्यांना प्रेसमध्ये नेलं, आणलं, दारोदार फिरवलं. अकरा वर्षांत अंकात स्वतःच्या नावापलीकडे मी काहीही वाचलं नव्हतं. सहसंपादकाने अंक वाचला असणारच, असं धरून ते मला कधी विचारत नसत.

या परीक्षेत दर वर्षी पैकीच्या पैकी मिळवणारा माणूस एकच होता, आणि तो मराठी नव्हता. फरीदाबादचे सक्सेनाजी, आमचे प्रेसवाले. सुरुवातीला त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. नुसत्या आकारावरून जुळणी करत. पण वीस वर्षं दर दिवाळीला दोनशे पानं डोळ्यांखालून जाऊन त्यांना वाचायची गोडी लागली. नवा अंक मशीनवरून उतरला की पहिली प्रत संपादक त्यांना देत, तीही प्रश्न विचारूनच.

‘सक्सेनाजी, पिछले साल, पान अठ्ठ्याऐंशी?’

‘वो विधवा शिक्षिका वाली कहानी. साहब, बुढ़िया को मारना नहीं था. आख़िरी पन्ने पर लेखक थक गया, इसलिए मार दी.’

संपादक माझ्याकडे वळून म्हणत, ‘ऐकलंत? याला म्हणतात वाचणं.’ मग दोघं तासभर त्या म्हातारीवर बोलत आणि मी गाडीत जाऊन झोपे.

सक्सेनाजींनी पुढे सगळं संगणकावर नेलं. प्रूफं ते मोबाईलवर पाठवायला तयार होते, पण संपादकांना कागदच लागे. ‘पडद्यावरचं मला झुळझुळतं दिसतं. ते छापलेलं नाही, छापायच्या विचारात आहे.’ मला मात्र बरं वाटे. फरीदाबादची एक खेप वाचे.

त्या वर्षी दिवाळीला दहा-बारा दिवस असताना संपादक चहा पिता पिता म्हणाले, ‘यंदा सुरुवात घरापासून करू. पहिला प्रश्न सहसंपादकांना.’

मी हसलो. ते हसले नाहीत.

घरी येऊन मी गेल्या वर्षीचा अंक शोधला. बायको म्हणाली, ‘तो? तो दिला की कबाडीला. तूच म्हणालास, माळा मोकळा कर.’ शेजारी मागायची लाज वाटली. सहसंपादकाने स्वतःचाच अंक उसना मागायचा! मग सुचलं. सक्सेनाजींना फोन केला. ‘सक्सेनाजी, पिछले साल के अंक की पीडीएफ भेज दीजिए ना. ज़रा काम था.’

‘अभी लीजिए साहब.’

दहा मिनिटांत फाइल आली. नाव होतं ‘दिवाली फाइनल फाइनल दो’. मी ती उघडली नाही. ऑफिसला निघायची घाई होती, आणि मनात एक पुण्यविचारही आला, की आपल्यासारखे बाकीचेही अडले असतील. ‘पूर्वतयारी’वर फाइल टाकली. वर लिहिलं, ‘सर्वांनी नजर टाकावी. सम पानं आधी.’

दुपारी अडीचला नागपूरहून माझ्या मेहुण्याचा निरोप आला. ‘दाजी, तुमच्या दिल्लीचा नवा अंक. मस्त आहे, वाचा.’ सोबत माझीच फाइल.

तेव्हा मी ती पहिल्यांदा उघडली. मुखपृष्ठावर यंदाचं साल होतं.

सक्सेनाजींच्या संगणकात दोन्ही वर्षांच्या फाइली शेजारी शेजारी होत्या, दोघींची नावं बहिणींसारखी. त्यांनी चुकीची पाठवली. मी न बघता पुढे ढकलली. आमच्या गटातल्या कुणीही, बारातल्या एकानेही, ती उघडून पाहिली नाही. सगळ्यांनी पुण्यकर्म म्हणून आपापल्या गटांत टाकली. मी घाईघाईने ती पुसायला गेलो, तर ‘सर्वांसाठी’च्या ऐवजी ‘फक्त माझ्यासाठी’वर बोट पडलं. त्यामुळे अख्ख्या भारतात तो अंक ज्याच्या मोबाईलवर नव्हता असा मी एकटा उरलो.

मी संपादकांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. त्यांचं क्वार्टर माझ्या दारापासून साठ पावलांवर होतं.

चार दिवसांनी छापील अंक आले. संपादक नवा शर्ट घालून गाडीत पुढे बसले, मांडीवर वही. मला विचारायचं ते विसरले होते. पहिलं घर पंडारा रोडचं.

‘अरे, संपादकसाहेब! या, या. अंक ना? आला की! केव्हाच आला.’

‘कुठून आला?’

‘मोबाईलवर. दोन-तीन गटांवर आलाय.’

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी त्यांनी प्रश्न विचारायची पुन्हा तयारी केली. ‘आलाय ना? बरं. कसा आहे?’

‘एकदम छान! बिल्कुल.’

‘काय छान आहे?’

त्या गृहस्थाने मोबाईल काढून बघितला. ‘क्लॅरिटी. म्हणजे झूम केलं तरी फाटत नाही.’

पाचव्या घरापासून त्यांनी वही गाडीतच ठेवली. पहाडगंजला पोचलो तेव्हा ते काहीही न विचारता अंक देत होते, आणि लोक ‘कशाला उगाच, पीडीएफ आहे ना,’ म्हणत घेत होते. चकली तेवढी त्यांनी सगळीकडे नाकारली. ‘पोट बरं नाही,’ म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रीतसर टिपणी लिहिली : अंक वेळेआधी बाहेर कसा गेला, याची चौकशी व्हावी. मंडळाच्या बैठकीत विषय आला. तेरा जणांच्या कार्यकारिणीत सात जण ‘पूर्वतयारी’चे सभासद. कोण बोलणार? गट होता हे सांगायचं म्हणजे आपण वाचत नाही हे सांगायचं. सगळे आपापल्या समोशाकडे बघत बसले. मग संपादक म्हणाले, ‘चौकशी अधिकारी म्हणून मी आमच्या सहसंपादकांचं नाव सुचवतो. ते निःपक्षपाती आहेत.’

ठराव एकमताने पास झाला. इतका एकमुखी ठराव मी मंडळात आधी पाहिला नव्हता.

मी अहवाल लिहिला. ‘सदर फाइल मुद्रक श्री. सक्सेना यांच्या संगणकावरून प्रसृत झाल्याचे दिसून येते.’ खरं होतं. ‘यामागे हेतू असल्याचे आढळत नाही.’ तेही खरं. ‘यापुढे मुद्रकाची निवड करताना दक्षता घ्यावी.’ यात खोटं काय आहे? पस्तीस वर्षं सरकारी टिपण्या लिहिलेल्या माणसाला खरं लिहून खोटं सांगता येतं. माझ्या गोपनीय अहवालात ‘उत्तम मसुदालेखन’ असा शेरा नेहमी असे.

संपादकांनी तो वाचला आणि माझ्यासमोरच सक्सेनाजींना फोन लावला. ‘सक्सेनाजी, आपसे ये उम्मीद नहीं थी.’

स्पीकर चालू होता. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग सक्सेनाजी म्हणाले, ‘फ़ाइल तो मैंने ही भेजी थी, साहब. ग़लती हुई.’

संपादकांनी फोन ठेवला. आयुष्यभर दारोदार जाऊन सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाने तेवढा एक प्रश्न विचारला नाही : कुणाला पाठवली?

पुढच्या वर्षी कार्यकारिणीने ठरवलं, छापायचंच कशाला, नाहीतरी सगळे मोबाईलवरच बघतात. लिंकवर उघडायचा अंक निघाला. संपादक म्हणून नाव त्यांचंच होतं. अंक गटावर आला आणि तासाभरात दीडशे लोकांनी अंगठा दाखवला. संपादकांनी मुलीकडून शिकून घेऊन खाली एका बोटाने टाईप केलं, ‘पान अठरावर काय आहे?’ उत्तरादाखल चाळीस जणांनी हात जोडले. एकाने केक पाठवला. त्याला वाटलं, त्यांचा वाढदिवस आहे. त्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. मंडळाने त्यालाही अंगठा दाखवला.

मग जुनी क्वार्टर्स पाडायला निघाली. त्यांच्या मुलीने फरीदाबादला फ्लॅट घेतला. मी निवृत्त होऊन नोएडाला गेलो. अधूनमधून फोन व्हायचा. त्यांची नजर जात चालली होती. फोनवर ते अंकाविषयी बोलत नसत, पण शेवटी कधीतरी म्हणत, ‘सक्सेना असं करेल असं वाटलं नव्हतं हो.’ दोघांची घरं आता एकाच गावात होती, रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि दोघं एकमेकांना भेटत नव्हते.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात मी धीर केला. मेट्रोत बसून वाक्यं ठरवली. तीनच वाक्यं, मसुदा न करता : ‘फाइल मी पसरवली. सक्सेनाजींचा दोष नाही. मला माफ करा.’ फरीदाबाद येईपर्यंत ती मी इतक्यांदा म्हटली की समोरची बाई जागा बदलून बसली.

पण मी काही बोलायच्या आत संपादक म्हणाले, ‘बरं झालं आलात. कागद घ्या. मला दिसत नाही, तुम्ही लिहा. हिंदीत.’ आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सक्सेनाजींना पत्र. आपण रागाच्या भरात वीस वर्षांचा संबंध तोडला. चूक माणसाकडून होते. ‘मैंने आपको माफ़ किया.’

मी ते लिहिलं. माझ्या हाताने, सुबक अक्षरात. खाली त्यांनी अंदाजाने सही केली, अर्धी टेबलावर.

‘पोस्टाने नको,’ ते म्हणाले. ‘हातात द्या.’

सक्सेनाजींच्या प्रेसमध्ये आता फ्लेक्सचे फलक निघतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं एक प्रचंड तोंड जमिनीवर पसरलं होतं, त्याच्या कानाशी उभे राहून त्यांनी पत्र वाचलं. दोनदा. मग हसले.

‘माफ़ किया है मुझे. अच्छा.’ आणि थोड्या वेळाने, ‘लिखावट आपकी है. पहचानता हूँ.’

‘सक्सेनाजी, मैं उसी दिन...’

‘मुझसे मत कहिए, साहब. मैं तो जानता हूँ. जानते तो वो नहीं.’ पत्राची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. ‘जाइए, उनसे कहिए. फिर मैं ख़ुद मिलने आऊँगा. ऐसे माफ़ी लेकर कैसे आऊँ?’

मी परत संपादकांच्या घरी गेलो. ती आमची शेवटची भेट ठरली. महिनाभराने संपादक गेले आणि सक्सेनाजी स्मशानात सगळ्यांच्या मागे उभे होते. म्हणून ती भेट जशी झाली तशी सांगतो.

संपादक खिडकीजवळ बसले होते. मुलगी चहाचे दोन कप ठेवून आत गेली.

‘वाचलं त्यांनी?’

‘दोनदा.’

‘काही म्हणाले?’

‘नाही. खिशात ठेवलं.’

मग, जिथे मी बसलो असेन असं त्यांना वाटत होतं तिकडे, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, तोंड वळवून म्हणाले, ‘मला एक सांगा. चौकशी तुम्ही केली होती. चोवीस वर्षांत मला तेवढा एकच खरा वाचक मिळाला. त्याने असं का केलं असेल?’

आता याहून सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिन्ही वाक्यं पाठ होती. अडखळायचं काही कारण नव्हतं. मी घसा खाकरला, खुर्ची थोडी पुढे ओढली. ते मान कलती करून वाट बघत राहिले.

‘चहा घ्या,’ मी म्हणालो. ‘गार होतोय.’